मेमटेस्टमध्ये रात्रभर शून्य एरर, तरी मशीन कोसळतंय. संशय कुणावर घ्यायचा?

खटपट्या

मंडळी, एक प्रश्न आणि सोबत एक ठाम मत. आधी मत सांगतो: मेमटेस्ट ही रॅम तपासायची चाचणी मनाच्या समाधानापलीकडे काही देत नाही, असं माझं होत चाललंय.

मशीनमध्ये डीडीआर ४ पिढीच्या रॅमच्या दोन स्टिक (पट्ट्या) आहेत. प्रत्येकी १६ जीबी, पाकिटावर ३६०० हा वेग लिहिलेल्या, बायोसमध्ये एक्सएमपी (पाकिटावरच्या वेगाने पळवायची सेटिंग) चालू. हल्ली मोठी झिप फाइल उलगडताना मध्येच सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची तक्रार) येते. तीच फाइल पुन्हा उलगडली की निमूट उलगडते. व्हिडिओ रेंडर करताना प्रोग्रॅम न सांगता गायब होतो. अधूनमधून निळा पडदा, आणि त्यावर दर वेळी नवीन कारण. ज्याला विचारावं तो म्हणतो रॅम. म्हणून कॅबिनेट उघडून टेबलावर आडवं ठेवलं, शेजारी पंखा लावला आणि मेमटेस्ट८६+ ची पेनड्राइव्ह लावून रात्रभर सोडून दिलं. सकाळी बघतो तर सगळे पास (फेऱ्या) हिरवे, एरर शून्य.

आता रॅम निर्दोष धरून बाकीचं मशीन उसवत बसू, की टेस्टच खोटी समजू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बिटकुला

विंडोज पुन्हा टाकून बघा.

तिरकस

आला! प्रत्येक धाग्यावर पहिला प्रतिसाद हाच असतो. खुर्ची करकरते म्हणून धागा काढला तरी विंडोज पुन्हा टाका. (हलके घ्या.)

मेघमल्हार

विंडोज पुन्हा टाकायच्या आधी हे बघा. एकच फाइल एकदा फुटते आणि दुसऱ्यांदा नीट उलगडते, याचा अर्थ डिस्कवरची फाइल बरोबर आहे, वाचून उलगडेपर्यंत मध्ये कुठेतरी बिट फिरतोय. मध्ये म्हणजे रॅम, प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, बोर्डावरचा स्लॉट, किंवा खुद्द प्रोसेसर. मेमटेस्टमध्ये एरर आली तर या साखळीत काहीतरी गडबड आहे एवढं नक्की होतं, स्टिकच खराब आहे असं नाही. एरर आली नाही तर त्या वेळी, त्या तापमानाला, ०-१ च्या त्या पॅटर्नवर काही सापडलं नाही, एवढंच म्हणता येतं.

रच्याकने, विंडोजमध्येही आतलं मेमरी डायग्नोस्टिक आहे. नुसतं चालवलं तर स्टँडर्ड चालतं, एफ १ दाबून एक्स्टेंडेड निवडावं लागतं. पण मेमटेस्टला जे सापडलं नाही ते त्याला सापडेल अशी आशा ठेवू नका.

सर्व्हरवाला

मेघमल्हार यांच्याशी सहमत. भर एवढीच की सगळ्या टेस्ट एकसारख्या नसतात. मेमटेस्ट८६ आणि मेमटेस्ट८६+ ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालतात, त्यामुळे जवळपास सगळी रॅम त्यांच्या हाताला लागते. स्वतः ज्या जागेत बसलेत तीसुद्धा ते दुसरीकडे सरकून तपासतात. विंडोजमध्ये चालणाऱ्या टेस्टमेम ५ किंवा प्राइम ९५ ला ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यातली जागा मिळत नाही, पण त्या मेमरी कंट्रोलरला खरा घाम फोडतात. लिनक्सवर गूगलचं स्ट्रेसअ‍ॅपटेस्ट आहे, तेही याच जातीचं. मी आधी मेमटेस्ट आणि मग यांपैकी एक असं दोन्ही चालवतो.

कोपऱ्यातला_कर्सर

मेमटेस्ट८६ आणि मेमटेस्ट८६+ हे दोन वेगळे आहेत? मी आजवर एकच समजत होतो.

सर्व्हरवाला

मूळ एकच. क्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये पहिलं लिहिलं. २००४ मध्ये सॅम्युअल डेमलमेस्टर यांनी त्यातून प्लस वेगळं काढलं. पुढे मूळचं पासमार्ककडे गेलं, त्याची फुकट आवृत्ती चार पासनंतर थांबते. प्लस मध्ये बरीच वर्षं पडून होतं, २०२२ मध्ये सहावी आवृत्ती जवळजवळ नव्याने लिहून आली, तेव्हापासून ते यूईएफआयवर (बायोसच्या नव्या अवतारावर) सुखाने चालतं. जुन्या सीडीवरचं ५.०१ घेऊन कुणी नवीन मशीन तपासत असेल तर कृपया थांबा.

निद्रानाश

खटपट्या भाऊ, तुमच्या पोस्टमधली एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली आहे. मशीन उघडं, टेबलावर आडवं आणि शेजारी पंखा! आजाऱ्याच्या कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या आणि मग ताप मोजायचा, असा प्रकार झाला हा.

डीरॅमचा, म्हणजे आपल्या या रॅमचा, प्रत्येक सेल (एक बिट साठवणारा कप्पा) म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची १९६६ ची कल्पना, पेटंट १९६८ चं, आणि आजही मूळ रचना तीच आहे. कपॅसिटरमधला भार गळत राहतो, म्हणून तो सतत पुन्हा भरावा लागतो. डीडीआर ४ मध्ये दर ६४ मिलिसेकंदांत सगळ्या ओळी एकदा ताज्या व्हाव्या लागतात. त्यासाठी कंट्रोलर साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक रिफ्रेश आज्ञा सोडतो. तापमान वाढलं की गळती वाढते, ढोबळ हिशेब दर १० अंशांना दुप्पट. म्हणूनच चिप ८५ अंशांच्या वर गेली की रिफ्रेश दुप्पट वेगाने करायचा असा नियम आहे. तुमच्या मशीनमधला एखादा अशक्त सेल पंख्याच्या वाऱ्यात आरामात तग धरत असेल, आणि रेंडरच्या वेळी ग्राफिक्स कार्डाची धग लागली की मान टाकत असेल. मेमटेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड झोपलेलं असतं, हेही लक्षात घ्या.

कॅबिनेट बंद करा. अर्धाएक तास काहीतरी जड रेंडर चालवा आणि मशीन गरम असतानाच रीस्टार्ट करून थेट मेमटेस्टमध्ये जा.

तिरकस

गार पाण्याच्या पट्ट्या! कपाळावरची पट्टी आणि रॅमची पट्टी. निद्रानाश, झोप येत नसेल तर विनोदी लिहायला लागा.

आकडेमोड

तापमानाचं एवढं स्तोम माजवू नका. गूगलच्या सर्व्हरवर २००९ मध्ये मोठा अभ्यास झाला होता, त्यात टोरंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर होत्या. वापर किती होता हे हिशेबात घेतल्यावर तापमानाचा एररवर परिणाम अगदी कमी दिसला. आणखी महत्त्वाचं म्हणजे वर्षभरात साधारण ८ टक्के मॉड्यूलना किमान एक सुधारता येण्याजोगी एरर आली. तोवर सगळे समजत होते त्यापेक्षा हे कितीतरी जास्त होतं. शिवाय बऱ्याचशा एरर एकदा चूक झालेल्या मॉड्यूलवरच पुन्हा पुन्हा येत होत्या. म्हणजे अंतराळातून येणाऱ्या ब्रह्मांडकिरणांनी येताजाता टपली मारली असं फार नव्हतं, मालच दुखरा होता.

निद्रानाश

अभ्यास वाचलाय, आणि मान्यही आहे. पण सर्व्हरची खोली थंड असते, तिथलं तापमान फार वरखाली होत नाही, आणि तिथे कुणी एक्सएमपी लावून १.३५ व्होल्टवर स्टिक पळवत नाही. खटपट्या यांच्याकडे स्टिकला मुळात काठावर उभं केलंय. काठावर दोन पावलांचाही फरक पडतो.

वेफरवाली

मी मेमरी चिपच्या टेस्टिंगमध्ये काम करते, त्यामुळे थोडं लांबवते.

आमच्याकडे चिप वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) असतानाच पहिली चाचणी होते. सगळे सेल चांगले असलेली चिप सापडणं अवघडच, म्हणून प्रत्येक चिपमध्ये थोड्या जादा ओळी आणि जादा स्तंभ राखून ठेवलेले असतात. खराब सेल सापडला की फ्यूज उडवून त्या ओळीच्या जागी राखीव ओळ जोडतात. तुमच्या हातातली स्टिक कितीही नवी असली तरी तिच्या पोटात अशी डागडुजी झालेली असणार, आणि त्यात गैर काही नाही. मग पॅकेजिंग. त्यानंतर बर्न-इन, म्हणजे १२५ अंशांच्या आसपासच्या भट्टीत वाढीव व्होल्टेजवर चिप राबवायची. ज्यांना लवकर मरायचंय त्यांनी इथेच मरावं, गिऱ्हाइकाकडे जाऊन नको. पुढे गरम आणि थंड अशा दोन्ही टोकांना चाचण्या, मग वेगाची प्रतवारी. त्यानंतर चिप पट्टीवर बसतात, एसपीडीमध्ये (पट्टीवरच्या माहितीच्या छोट्या चिपमध्ये) माहिती भरतात, आणि पूर्ण मॉड्यूल पुन्हा तपासलं जातं.

इतकं करूनही काही सेल निसटतात, कारण काही सेल लहरी असतात. एखादा सेल बराच काळ भार छान धरून ठेवतो, मग अचानक त्याची धारणक्षमता घटते, आणि काही काळाने पुन्हा पूर्वीसारखी होते. १९८० च्या दशकापासून हा प्रकार माहीत आहे, आम्ही त्याला व्हीआरटी म्हणतो. चाचणीच्या क्षणी तो शहाण्यासारखा वागला तर कुठलंही यंत्र त्याला पकडू शकत नाही. त्यात चिप पट्टीवर सोल्डर करतानाच्या उष्णतेने असे नवे लहरी सेल तयार होऊ शकतात. म्हणून "कारखान्यातून तपासून आलंय" आणि "घरी एरर येते" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

मेघमल्हार

दंडवत! वाचनखूण साठवली. एक शंका: प्रत्येक सेलचा शेजारच्या प्रत्येक सेलवर परिणाम होतो का, हे तपासून का बघत नाहीत? एकदाच सगळं तपासून मोकळे.

वेफरवाली

कारण आयुष्य पुरणार नाही. १६ जीबी म्हणजे सुमारे १३,७०० कोटी बिट. प्रत्येक बिट उलटवून बाकी सगळे वाचायचे म्हटलं तर पायऱ्यांची संख्या या आकड्याच्या वर्गाइतकी होते. सेकंदाला शंभर कोटी पायऱ्या धरल्या तरी अंदाजे सहा लाख वर्षं. जुन्या काळी छोट्या चिपवर अशा पद्धती खरंच वापरत, गॅलपॅट हे त्यांतलं एक नाव.

म्हणून मार्च (ओळीने चालत जाणाऱ्या) पद्धती आल्या. मार्च सी-मायनस नावाची सगळ्यात परिचित आहे: सगळीकडे ० लिहा. मग चढत्या पत्त्याने जात ० वाचा आणि लगेच १ लिहा. पुन्हा चढत्या क्रमाने १ वाचा, ० लिहा. मग हेच दोन्ही उतरत्या क्रमाने. शेवटी एकदा सगळीकडे ० वाचून घ्या. प्रत्येक सेलमागे फक्त दहा क्रिया, आणि तेवढ्यात ० वा १ वर अडकलेला सेल, पलटी न खाणारा सेल, चुकीच्या पत्त्यावर जाणारा डिकोडर (पत्ता शोधणारं सर्किट), शेजाऱ्याला ओढणारा सेल असे बहुतेक दोष सापडतात. खाली-वर दोन्ही दिशांनी जाण्यातच सगळी गंमत आहे. मेमटेस्टमधली मूव्हिंग इन्व्हर्जन्स याच कुळातली.

घरच्या टेस्टची आणखी एक अडचण म्हणजे तिला चिपचा नकाशा माहीत नसतो. प्रोग्रॅमला शेजारी वाटणारे दोन पत्ते सिलिकॉनवर शेजारी असतीलच असं नाही. काही भागात तर भरलेला कपॅसिटर म्हणजे ० असतो. त्यामुळे तुम्ही बुद्धिबळाच्या पटासारखा पॅटर्न लिहिलात तरी आत तो तसा उमटेल याची खात्री नाही. कारखान्याला नकाशा माहीत असतो, म्हणून तिथली तीच चाचणी जास्त बोचरी.

बिटकुला

मग मेमटेस्टमधली बिट फेड टेस्ट कशासाठी असते? पॅटर्न लिहून पाच मिनिटं गप्प बसते ती. तिच्यात कळेल ना गळती?

वेफरवाली

थोडंफार. त्या पाच मिनिटांत रिफ्रेश चालूच असतो, त्यामुळे सेल स्वतःच्या बळावर किती टिकतो हे तिला दिसत नाही. रिफ्रेश असूनही जो ढासळतो तोच दिसतो.

जुना_खेळाडू

गळतीचं निघालंच आहे तर. ६४ मिलिसेकंदांचा नियम सगळ्यात अशक्त सेलसाठी आहे, बाकीचे त्याहून कितीतरी जास्त टिकतात. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या मंडळींनी दाखवलं होतं की वीज गेल्यावरही रॅममधला मजकूर काही सेकंद राहतो, आणि स्टिक गार केली तर मिनिटांच्या हिशेबात. त्यांनी डिस्कच्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या अशाच बाहेर काढल्या. रॅम म्हणजे वीज गेली की कोरी पाटी, हे आम्ही शिकलो ते तितकंसं खरं नाही.

आणि एक जुनी आठवण. नव्वदच्या दशकात सिम नावाच्या रॅमच्या पट्ट्या असायच्या (मोबाइलचं सिम नव्हे), ३० पिनांच्या. पॅरिटीवाल्या सिमवर प्रत्येक बाइटमागे नववा बिट, चूक ओळखायला. पॅरिटीवाल्या महाग, म्हणून बाजारात खोट्या पॅरिटीच्या सिम आल्या. त्यांवरची एक चिप काहीच साठवायची नाही, वाचायच्या वेळी जे असेल त्याचीच पॅरिटी काढून "सगळं बरोबर आहे" असं सांगायची. मशीन खूश. त्या काळी दुरुस्तीवाल्यांकडे सिम तपासायची छोटी टेबलावरची यंत्रं असत. स्टिक खोचायची, यंत्र आकार-वेग ओळखायचं, व्होल्टेज खालीवर करत पॅटर्न फिरवायचं आणि कुठला बिट चुकतोय ते दाखवायचं. व्होल्टेज हलवणं ही घरच्या टेस्टमध्ये नसलेली मोठी सोय होती.

कोपऱ्यातला_कर्सर

काका, खोटी पॅरिटी वाचून हसू आवरेना. प्रत्येक ऑफिसात अशी एक चिप असते.

तिरकस

एक? भाग्यवान आहात.

लखलख_चंदेरी

मला कुणीतरी सांगितलं होतं की रॅम काढून सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर घासायचं, सगळे रोग बरे होतात. खरं का?

मेघमल्हार

घासल्याने बरं वाटतं, पण ते बहुधा स्टिक काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. सोन्याचा थर फार पातळ असतो, रबर तो खरवडतं, आणि रबराचे कण स्लॉटमध्ये पडतात ते वेगळेच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा. त्याआधी वीज काढा, आणि हाताची स्थिर वीज कॅबिनेटच्या धातूला उतरवा.

बिटकुला

आमच्याकडे वर्षानुवर्षं खोडरबरच चालतंय. एकही स्टिक मेली नाही.

सर्व्हरवाला

स्थिर विजेचा मार लगेच दिसतोच असं नाही, थराची झीजही लगेच दिसत नाही. "मेली नाही" यावरून काही ठरत नाही. असो, खोडरबरावर वेगळा धागा काढा, प्रतिसादांचं शतक नक्की होईल.

खटपट्या

निद्रानाश यांचं ऐकलं. कॅबिनेट बंद, जड रेंडर, लगेच रीस्टार्ट आणि मेमटेस्ट. पहिल्याच पासमध्ये लाल ओळी! अपेक्षित आणि वाचलेल्या किमतीत दर वेळी फक्त एका बिटाचा फरक, आणि तो बिट तोच. पत्ते अगदी एकच नाहीत, पण जवळजवळ आहेत. मग एक्सएमपी बंद केलं, स्टिक २६६६ वर आल्या, तितक्याच गरम मशीनवर पुन्हा चालवलं, तर एरर नाही.

आता पुढे काय? पत्त्यावरून कुठली स्टिक ते कळतं का?

निद्रानाश

घ्या! मेमटेस्ट वाया जात नाही बघा. प्रश्न नीट विचारावा लागतो.

पत्त्यावरून स्टिक ओळखायच्या नादी लागू नका. दोन चॅनलमध्ये डेटा आलटून पालटून जातो, त्यामुळे शेजारचे पत्ते दोन्ही स्टिकमध्ये वाटले जातात. एकेक स्टिक एकटी लावा. प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट घ्या, बहुतेक बोर्डांवर एकट्या स्टिकसाठी तोच असतो. एक्सएमपी चालू, मशीन गरम. मग तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटात. एरर स्टिकबरोबर फिरली तर स्टिक दोषी, स्लॉटाशी राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसर.

वेफरवाली

तोच बिट चुकतोय ही चांगली खूण आहे. ६४ बिटांची रांग आठ चिपवर आठ-आठ बिटांनी वाटलेली असते. एकच बिट, पत्ते जवळजवळ, म्हणजे एका चिपमधला एखादा स्तंभ किंवा थोडे सेल अशक्त असावेत. तोच बिट पण पत्ते सगळ्या रॅमभर पसरलेले असते, तर डेटाची ती एक तार, पिन, स्लॉट यांच्यावर संशय घेतला असता. आणि कुठलेही बिट कुठेही चुकत असते तर कंट्रोलर किंवा त्याचं व्होल्टेज.

आकडेमोड

पण मग याला खराब स्टिक म्हणायचं का? २६६६ वर ती उत्तम चालते. एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकच, ठरलेल्या वेगाच्या वर पळवणं. जेडेकच्या (रॅमची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) यादीत डीडीआर ४ जातं ३२०० पर्यंत. त्याच्या वर नेलं आणि चुकली तर दोष कुणाचा?

लखलख_चंदेरी

अहो पण पाकिटावर मोठ्या अक्षरात ३६०० लिहून विकली ना? गिऱ्हाइकाने जेडेकची यादी वाचून खरेदी करायची का?

सर्व्हरवाला

दोघांचंही अर्धं बरोबर. स्टिक बनवणारा ३६०० वर तपासून विकतो, त्यामुळे स्टिकने ३६०० वर चाललंच पाहिजे. पण प्रोसेसर बनवणारा त्या वेगाची हमी देत नाही. म्हणून दुसऱ्या बोर्डावर, दुसऱ्या प्रोसेसरवर तीच स्टिक ३६०० वर चालली तर स्टिकवाला हात वर करणार. मी स्वतः पाकिटावरच्या वेगाला न चालणारी स्टिक सरळ परत पाठवतो. डीडीआर ५ मध्ये तर आणखी गंमत: एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरचा अधिकृत वेग दोन स्टिकना ५२००, पण चारही स्लॉट भरले की ३६००. लोक ६००० च्या चार स्टिक खोचतात आणि मग इथे धागे काढतात.

बिटकुला

डीडीआर ५ मध्ये ईसीसी (चुकलेला बिट सुधारायची सोय) आतच असतं ना? मग तिथे टेस्टची गरजच नाही.

सर्व्हरवाला

हा गैरसमज फार पसरलाय. डीडीआर ५ मधलं ईसीसी चिपच्या पोटात असतं. १२८ बिटांमागे ८ जादा बिट, एक चूक गुपचूप दुरुस्त. चिप इतक्या दाट झाल्या की ही दुरुस्ती नसेल तर बऱ्याच चिप पासच होणार नाहीत. पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या तारांवर बिट फिरला तर तिला पत्ता नाही, आणि एरवीही ती तुम्हाला काही कळवत नाही. खरं ईसीसी म्हणजे ६४ बिटांसोबत ८ जादा, रांग ७२ ची. एक चूक दुरुस्त, दोन चुकल्या की निदान ओरड. त्याचा खरा उपयोग म्हणजे काम चालू असतानाच टेस्ट होत राहते आणि लॉगमध्ये नोंद पडते. तुमचं मशीन रेंडर करताना चुकतं आणि टेस्ट करताना चुकत नाही, हा प्रश्नच तिथे उरत नाही.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचीही हीच गत झाली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपाइल करताना त्यांचं मशीन अधूनमधून कोसळायला लागलं. आधी संशय नव्या कर्नल कोडवर, निघाली रॅमची स्टिक, तीही बिनाईसीसीची. ईसीसी घरोघरी हवं म्हणून ते त्याआधीच जाहीर भांडून झाले होते.

जुना_खेळाडू

बेल्जियममध्ये २००३ च्या निवडणुकीत स्कारबेक इथे एका उमेदवाराला ४०९६ मतं जादा पडली होती. यादीच्या हिशेबात बसेनात म्हणून लक्षात आलं. ४०९६ म्हणजे बरोब्बर २ चा बारावा घात, एकच बिट उलटला की एवढा फरक. ब्रह्मांडकिरणांनी केलं असं सगळे सांगतात.

आकडेमोड

सांगतात, सिद्ध कुणी केलेलं नाही. बिट उलटला असावा इतपत ठीक. तसं तर १९७० च्या दशकाच्या शेवटी इंटेलच्या टिमोथी मे आणि मरी वुड्स यांनी दाखवलं होतं की चिपच्या पॅकेजमधल्या किरणोत्सर्गी अंशांतून निघालेले अल्फा कणही बिट फिरवतात. शेजारची ओळ सारखी सारखी उघडून बंद केली तरी बिट फिरतो. ते रोहॅमर, २०१४ मध्ये कार्नेगी मेलनच्या मंडळींनी १२९ मॉड्यूल तपासले, त्यांतल्या ११० मध्ये सापडलं. आकाशाकडे बोट दाखवायच्या आधी जमिनीवर बरेच संशयित आहेत.

निद्रानाश

रोहॅमरसाठी मेमटेस्ट८६ मध्ये वेगळी चाचणी आहे, क्रमांक १३. तिच्यात एरर आली आणि बाकी सगळ्यांत शून्य, असं झालं तर स्टिक रोजच्या वापरात बहुधा त्रास देणार नाही. उगाच घाबरू नका.

खटपट्या

निकाल: एक स्टिक एकटी, गरम मशीनवर, दोन्ही स्लॉटात ३६०० ला चुकते. दुसरी कुठेही चुकत नाही. वॉरंटीवाल्यांना लिहिलं तर म्हणतात, दोन्ही स्टिक पाठवा. चांगली का पाठवू?

सर्व्हरवाला

जोडी म्हणून विकलेली असते आणि एकत्र तपासलेली असते, म्हणून बदलूनही जोडीच देतात. तुम्हाला एकच दिली आणि ती वेगळ्या चिपची निघाली, तर ३६०० वर दोघींचं जमेलच असं नाही. दोन्ही पाठवा. पाठवताना लाल ओळींचा फोटो जोडा, "मशीन गरम असताना" हे ठळक लिहा. नाहीतर तिथला माणूस उघड्या टेबलावर तपासून "दोष आढळला नाही" म्हणून परत पाठवेल. नवी जोडी आली की पहिल्या दिवशीच गरम मशीनवर रात्रभर टेस्ट.

तिरकस

आणि पंखा?

खटपट्या

पंखा माझ्यासाठी. मशीनला नाही. :)

कोपऱ्यातला_कर्सर

माझा एक प्रश्न राहिलाच. लॅपटॉपमधली रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे, आणि मेमटेस्टमध्ये ठराविक चार-पाच पत्त्यांवर एरर येते. बदलता तर येत नाही. मशीन टाकून द्यायचं का?

मेघमल्हार

पत्ते ठराविकच असतील तर तेवढी जागा वाळीत टाकता येते. लिनक्समध्ये कर्नलच्या ओळीत मेममॅप देऊन तो तुकडा राखून ठेवायचा. विंडोजमध्ये बीसीडीएडिटने बॅडमेमरीलिस्टमध्ये ती पानं घालायची. मेमटेस्ट८६+ च्या नव्या आवृत्त्यांमध्ये एरर दाखवायची पद्धत बदलली की मेममॅपसाठी लागणारे आकडे थेट पडद्यावर मिळतात. आजूबाजूची थोडी जास्त जागा सोडा, अशक्त सेलचे शेजारीही बऱ्याचदा तसेच असतात. आणि दर टेस्टला नवनवे पत्ते यायला लागले तर मात्र हा उपाय सोडा आणि आधी डेटाचा बॅकअप घ्या.

वेफरवाली

मेममॅपमधलं डॉलरचं चिन्ह ग्रबच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलमध्ये लिहिताना त्याच्या आधी बॅकस्लॅश लागतात, नाहीतर ग्रब ते गिळून टाकतो आणि भलतीच जागा राखली जाते. रीस्टार्ट झाल्यावर कर्नलला आपली ओळ नेमकी कशी मिळाली ते एकदा बघून घ्या. आणि पत्ते हाताने उतरवू नका, पडद्याचा फोटो काढा.